सहा माणसं आणि साडेसहा तास

एका वाचक बाईंनी सल्ला मागणारं पत्र पाठवलंय. ते थोडक्यात असं आहे:

"आम्ही न्यू जर्सीत राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत मायामीहून सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर चाललोय. मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा, ५ वर्षांची मुलगी आणि सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे. सासरे ७४ वर्षांचे, मूळचे उरणचे, तब्येतीने खणखणीत. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. सेंट मार्टिन बेटावर, फिलिप्सबर्गला, जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार आहे. नवऱ्याला आणि मुलाला झिपलाइन (तारेला लटकून डोंगरावरून घसरत येतात ती) करायचीय, शिवाय डोक्यावरून विमानं जातात तो किनारा बघायचाय. मुलीला फक्त वाळू हवीय. सासऱ्यांना 'बेट बघायचंय'. सासूबाई म्हणतात, 'तुम्ही जा, मी बोटीवर थांबते.' त्यांना एकटं टाकून आपण मजा करायची, हे मला पटत नाही. नवरा म्हणतो, सगळ्यांसाठी बेटाची मोठी टूर घेऊ, म्हणजे कुणी मागे राहणार नाही. सहाही जणांना आवडेल असं एकच काहीतरी सुचवाल का? सुट्टी अजून लांब आहे आणि मी आत्ताच दमलेय."

तुमचं पत्र वाचताना मी अडखळले ती सासूबाईंच्या गुडघ्यांपाशी नाही, 'सहाही जणांना आवडेल असं एकच' या शब्दांपाशी. घरी रविवारी सहाही जणांना आवडेल अशी एक भाजी होते का हो? एकाला वांगं चालत नाही, एकीला कारलं बघवत नाही. मग आपण काय करतो? दोन भाज्या करतो, एक लोणचं काढतो आणि सगळे एकाच वेळी पानावर बसतात. बसणं एकत्र असतं, पानातलं वेगळं. प्रवासाला निघालो की मात्र सगळ्यांनी एकच खायचं, एकाच वेगाने चालायचं आणि एकदमच हसायचं, असा काहीतरी नियम आपण स्वतःवर लादून घेतो.

तर सहाही जणांना आवडेल असं एकच काही मी सुचवणार नाही. फिलिप्सबर्गला ते नाहीच. पण सहाही जणांना पुरेल असा एक ठिय्या तिथे आहे आणि तो धक्क्यापासून चालत वीसेक मिनिटांवर आहे.

त्याआधी नवऱ्याच्या मोठ्या टूरबद्दल. काही वर्षांपूर्वी मी हाच शहाणपणा केला होता, कॅरिबियनमधल्याच दुसऱ्या एका बेटावर. वडील बरोबर होते, त्यांना मागे ठेवायचं नाही म्हणून चार ठिकाणं दाखवणारी व्हॅनची सहल घेतली. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. त्यातली पाच वडिलांना खाली उतरवण्यात, पाच परत चढवण्यात. व्हॅनची पायरी उंच होती. तिसऱ्या थांब्यावर ते म्हणाले, "तुम्ही बघून या, मी इथूनच बघतो." चौथ्या थांब्याला ते काहीच म्हणाले नाहीत, झोपले होते. घरी आल्यावर कुणीतरी विचारलं, बेट कसं होतं? तर म्हणाले, "गाडीची सीट बरी होती." आम्ही त्यांना मागे ठेवलं नव्हतं, हे मात्र खरं.

आता वेळेचा हिशेब. कागदावर नऊ तास दिसतात. आठला जहाज लागलं तरी नाश्ता, मुलांची बाथरूम, सनस्क्रीन, लिफ्टची रांग, हे सगळं उरकून सहा माणसं खाली उतरेपर्यंत नऊ वाजतात. जहाज पाचला सुटणार म्हणजे साधारण साडेचारला सगळ्यांना आत बोलावतात आणि लहान मूल व म्हातारी माणसं बरोबर असताना साडेतीनलाच धक्क्याकडे वळावं. उरले साडेसहा तास. बेट लहान आहे, फ्रेंच बाजू आणि डच बाजू (फिलिप्सबर्ग याच बाजूला) मिळून जेमतेम ८७ चौरस किलोमीटर, पण रस्ते अरुंद आणि डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. धक्क्याला एकाच दिवशी चार-पाच मोठी जहाजं लागलेली असू शकतात आणि त्या सगळ्यांतल्या माणसांना त्याच एका रस्त्याने तो विमानांचा किनारा बघायचा असतो. हे साडेसहा तास व्हॅनच्या खिडकीतून घालवायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

ठिय्या म्हणजे ग्रेट बे. फिलिप्सबर्ग हे गाव मुळात एका वाळूच्या पट्टीवर वसलंय. पुढे ग्रेट बेची खाडी, मागे मोठं खारं तळं आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत फ्रंट स्ट्रीट, बॅक स्ट्रीट आणि त्यांना जोडणारे बोळ. समुद्राच्या कडेने सपाट, फरसबंद बोर्डवॉक आहे. खाडीचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ईशान्य-पूर्वेकडून जो जोरकस वारा सुटतो (तिथले लोक त्याला ख्रिसमसचा वारा म्हणतात) त्यापासून हा किनारा बराच आडोशाला आहे. याच दिवसांत उघड्या समुद्रात जाणाऱ्या कॅटमरानच्या (जोड-सांगाड्याच्या बोटीच्या) सहलींमध्ये निम्मी माणसं कठड्याला ओणवी झालेली दिसतात. तुमच्या पाच वर्षांच्या लेकीला घेऊन त्या फंदात पडू नका.

सेंट मार्टिनला जहाज थेट धक्क्याला लागतं, हे तुमचं नशीब. धक्क्यावरून गावात चालत जाता येतं किंवा वॉटर टॅक्सी मिळते. माणशी काही डॉलरमध्ये मनगटावर पट्टा बांधतात, तो दिवसभर चालतो, हव्या तितक्या खेपा करा. मुलांना ही पाच-दहा मिनिटांची होडीच निम्मी सहल वाटते. सासूबाईंसाठी मात्र धक्क्यावरच्या टॅक्सीच्या रांगेत जा. तिथे मीटर नसतात, सरकारने ठरवलेले दर असतात आणि ते लावलेले असतात. बसण्याआधी एवढंच विचारा, हे भाडं गाडीचं की माणशी. सहा जणांत या एका प्रश्नाने मोठा फरक पडतो.

आता सासूबाई.

तुम्ही त्यांना काय विचारलंत? बहुधा, "आई, येणार ना?" या प्रश्नाला आपल्याकडच्या त्या वयाच्या बाईचं उत्तर ठरलेलं आहे: "तुम्ही जा, माझं काय." त्यात होकार नाही, नकारही नाही, ती नुसती वाटेतून बाजूला होण्याची सवय आहे. आणि गुडघे हे सांगायला सोयीचं कारण आहे. खोटं नाही, पण अपुरं. माझ्या ओळखीतल्या किती तरी बायकांची खरी अडचण पुढचीच निघाली: तिथे बाथरूम असेल का, असलं तर इंडियन बायकांनी जायचं कसं, कुठे विचारायचं. दुसरी अडचण कपड्यांची. सगळे अर्धेमुर्धे कपडे घालून हिंडणार, त्यात मी साडी नेसून वाळूत काय करू. तिसरी, मुलाचे डॉलर. चौथी, आपल्यामुळे नातवंडांचा खोळंबा होईल ही.

म्हणून "येणार का" असं विचारू नका. असं विचारा: "आई, गाडी थेट बोर्डवॉकपाशी सोडेल. वाळूत उतरायचं नाही, सावलीत उंच खुर्चीवर बसायचं, समोर समुद्र. त्याच हॉटेलात बाथरूम आहे. दोन तास बसू. कंटाळा आला तर बाबा किंवा मी तुम्हाला टॅक्सीने जहाजावर सोडून येऊ. चालेल?" प्रश्न एवढा बारीक असला की त्याचं उत्तर खरं मिळतं. आणि ते विचारायला रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर बसू नका. त्या पोळ्या लाटत असताना, दोघीच असताना विचारा.

उंच खुर्चीचं मी मुद्दाम लिहिलंय. किनाऱ्यावर भाड्याने मिळतात त्या आरामखुर्च्या जमिनीपासून वीतभर उंचीच्या असतात. त्यात दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस बसतं आरामात, पण उठायला दोघांनी काखेत हात घालावे लागतात आणि आजूबाजूची माणसं बघतात. सासूबाई एकदा तशा उठल्या की उरलेल्या सगळ्या बेटांवर "मी बोटीवरच थांबते" हे नक्की समजा. बोर्डवॉकवरच्या खाण्यापिण्याच्या जागी साध्या हाताच्या खुर्च्या असतात. तिथे काहीतरी मागवलं की बसायला आणि बाथरूमला कुणी अडवत नाही. मुलीची छत्री-खुर्ची बरोबर त्याच्यासमोर वाळूत घ्या, म्हणजे आजी वरून बघतेय आणि नात खाली किल्ला करतेय, असं होईल. दोघींमध्ये वीस पावलं.

आणि एवढं विचारूनही त्या म्हणाल्या की नको, मी थांबते, तर? तर थांबू द्या. मनात टोचणी न ठेवता. बंदराच्या दिवशी जहाज जवळपास रिकामं होतं. एरवी जिथे टॉवेल टाकून खुर्च्या अडवलेल्या असतात तो पोहण्याचा तलाव मोकळा असतो, बुफेला रांग नसते, लिफ्ट लगेच येते. सहा महिने तुमच्या घरात, तुमच्या वेळापत्रकात राहिलेल्या बाईला चार तास कुणाचं काही करायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही, ही गोष्ट शिक्षा वाटेल असं तुम्ही का धरून चाललात? कदाचित तीच त्यांची सहल असेल. फक्त त्यांच्याजवळ खोलीचा नंबर लिहिलेला कागद, औषधं आणि जेवणाची जागा कुठे हे आदल्या दिवशी चालून दाखवलेलं असू द्या.

सासऱ्यांचं 'बेट बघायचंय' मला सगळ्यांत सोपं वाटतं, कारण ते उरणचे आहेत. फिलिप्सबर्गमागचं ते खारं तळं म्हणजे मिठागर होतं. डच लोक १६३१ साली इथे आले ते समुद्रस्नानाला नाही, मिठासाठी. हेरिंग मासा खारवायला त्यांना मीठ हवं होतं. लगेच किल्ला बांधला, फोर्ट अ‍ॅम्स्टरडॅम. तो पुढे स्पॅनिशांनी घेतला. १६४४ मध्ये तो परत मिळवायच्या प्रयत्नात पीटर स्टायव्हसंट नावाच्या डच अधिकाऱ्याचा पाय गेला. तोच पुढे लाकडी पाय लावून तुमच्या न्यूयॉर्कचा, म्हणजे तेव्हाच्या न्यू अ‍ॅम्स्टरडॅमचा, कारभारी झाला. मुलाला ही गोष्ट आजोबांनी सांगितली तर शाळेत सांगायला त्याला झिपलाइनपेक्षा भारी काहीतरी मिळेल.

पण आजोबांकडे याहून जास्त आहे. मिठागरात पाणी कसं घेतात, कसं अडवतात, उन्हाने कोंडीत मीठ कसं धरतं, खरवडताना पायाला काय होतं, हे उरणच्या माणसाने बघितलेलं असतं. फिलिप्सबर्गच्या तळ्यात तेच काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून करून घेत. बेटाच्या फ्रेंच बाजूला गुलामगिरी १८४८ साली संपली आणि डच बाजूला १८६३ साली. मधली पंधरा वर्षं एका डोंगरापलीकडे माणूस मोकळा आणि अलीकडे बांधलेला, असं होतं. तळ्याजवळच्या चौकात मीठ काढणाऱ्यांचे पुतळे आहेत. बोर्डवॉकवरून बोळातून मागे जायचं, फ्रंट स्ट्रीटवरची १७९३ ची कोर्टाची इमारत बघायची (शेंड्यावर अननस आहे, तो आधी कुणाला दिसतो ही मुलांची पैज), तळ्याच्या कडेला जायचं आणि परत यायचं. आजोबा आणि नातू, तास-दीड तास, सकाळचं ऊन चढायच्या आत. व्हॅन नाही, गाइड नाही.

या फेरीत एक गंमत होईल. फ्रंट स्ट्रीटवर दागिने-घड्याळं-कॅमेऱ्यांची जी दुकानं आहेत त्यांतली बरीचशी सिंधी व्यापाऱ्यांची आहेत. गेल्या दोन-तीन पिढ्यांपासून ते तिथे आहेत. अटलांटिकपारच्या त्या गल्लीत कुणीतरी "आइए अंकलजी" म्हणेल. सासूबाई बोर्डवॉकवर आल्याच असतील तर त्यांनाही दहा मिनिटं तिथवर न्या. साडीकडे कुणी वळून बघत नाही असं जगात एखादं कॅरिबियन गाव असेल तर ते हे. आणि शाकाहारी जेवण कुठे मिळेल, हे त्या दुकानदाराइतकं नीट कुणी सांगणार नाही.

झिपलाइनला नवरा आणि मुलगा या दोघांनीच जावं. तुम्ही खालून हात हलवायला जाण्यात अर्थ नाही. सेंट्री हिलवरची ती झिपलाइन जगातली सर्वांत तीव्र उताराची म्हणून तिची जाहिरात असते. वजनाची-उंचीची अट असते, ती बुकिंगच्या आधी वाचा. ११ वर्षांचा मुलगा धक्क्यापर्यंत येऊन दोन इंचांनी कमी पडला तर उरलेला दिवस कुणाचाच बरा जाणार नाही. डोंगरावर खुर्च्यांच्या पाळण्याने नेतात, तिथे दुखऱ्या गुडघ्यांना नेऊ नका. खुर्ची तुमच्यासाठी थांबत नाही. ही सहल मात्र जहाजाकडूनच घ्या, थोडी महाग पडली तरी. माझा साधा नियम असा: जिथून गरज पडली तर चालत परत येता येतं तिथे स्वतःचं स्वतः जावं, जिथून येता येत नाही तिथे जहाजाचं तिकीट घ्यावं. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतात किंवा पुढच्या बंदराला पोचवायची जबाबदारी घेतात. बाहेरच्या गाडीवाल्याचं टायर फुटलं तर तुम्ही धक्क्यावर आणि सासूबाई डेकवर.

विमानांच्या किनाऱ्याबद्दल मला जरा कडक लिहावं लागेल. माहो बीचला धावपट्टी कुंपणापलीकडे लगेच सुरू होते, उतरणारं विमान खरंच डोक्यावरून जातं आणि ते दृश्य विलक्षण आहे, नाही कशाला म्हणू. पण लोकांच्या मोबाइलवर फिरतं ते चार इंजिनांचं जम्बो २०१६ पासून तिथे येत नाही. नवरा त्याच्यासाठी चालला असेल तर त्याला सांगा. दुसरं, धोका उतरणाऱ्या विमानाचा नसतो, उडणाऱ्याचा असतो. ते निघताना किनाऱ्याकडे पाठ करतं आणि इंजिनाच्या झोताने वाळू छर्ऱ्यांसारखी लागते. २०१७ साली कुंपणाला धरून उभी असलेली एक बाई त्या झोताने मागे फेकली जाऊन दगावली. तिथे पाट्या लावलेल्या आहेत आणि पाटीखालीच माणसं कुंपणाला लोंबकळत असतात. हिवाळ्यात लाटाही तिथे आपटतात. पाच वर्षांच्या मुलीला तिथे न्यायचं नाही, कानांसाठी तरी. मोठ्याला न्यायचंच असेल तर झिपलाइन किंवा माहो, दोन्हीतलं एक. दोन्ही करायला गेलात तर मधल्या सिम्पसन बेच्या पुलापाशी अडकाल. शिडाच्या बोटी जायला तो पूल वर उचलतात आणि तेवढा वेळ गाड्या उभ्या. ११ वर्षांच्या मुलाला निवडायला सांगा. त्याने निवडलं की तो कुरकुरणार नाही, नवऱ्याचं सांगता येत नाही.

बेटाच्या फ्रेंच बाजूला सुंदर जागा आहेत. पिनेल नावाचं एक चिमुकलं बेट आहे, छोट्या बोटीने पाच मिनिटांत जाता येतं, पाणी उथळ, मुलांसाठी स्वर्ग. १६४८ च्या करारापासून बेट दोघांत वाटलेलं आहे आणि सीमेवर कुणी अडवत नाही. पण सीमेवर पहारा नाही म्हणजे कायदा नाही असं नव्हे. सासू-सासऱ्यांचे भारतीय पासपोर्ट आहेत, फ्रेंच व्हिसा नसेल तर डच बाजूलाच राहा. एका दिवसाला तेवढी पुरेशी आहे. अमेरिकन व्हिसा बहुप्रवेशाचा आहे ना आणि क्रूझच्या प्रत्येक बंदराला तो चालतो ना, हे जहाज कंपनीकडून लेखी घ्या. तुमचा स्वतःचा पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर वकिलाला आत्ताच विचारा, डिसेंबरात नाही. (ओरिएंट बीचवर जाऊ असं कुणी सुचवलं तर, सासऱ्यांना घेऊन जाताय, एवढं लक्षात ठेवा. त्याच्या एका टोकाला कपडे ऐच्छिक असण्याची जुनी परंपरा आहे.)

आता काही बारीकसारीक गोष्टी. त्यांनीच दिवस बिघडतो.

खाणं. तुम्ही चिवडा, चकल्या घेणारच. बंद पाकिटातलं शक्यतो चालतं. बुफेतली केळी, उकडलेली अंडी, सँडविच रुमालात गुंडाळून खाली नेऊ नका. फळं आणि शिजवलेलं अन्न बेटावर आणायला बहुतेक बंदरांत मनाई असते आणि धक्क्यावर पिशवी उघडतात. सासूबाईंच्या पर्समधून सगळ्यांसमोर केळी निघाली तर पुढची दहा वर्षं घरात त्याचीच गोष्ट. बेटावर भूक लागली तर जॉनी केक मिळतो का बघा. तळलेला, किंचित गोडसर, भटुऱ्याचा जाडजूड चुलतभाऊ.

ऊन. नकाशावर बघितलंत तर फिलिप्सबर्ग आपल्या श्रीवर्धनच्या अगदी रांगेत येतं, १८ अंश उत्तर. म्हणजे डिसेंबरातलं कोकणातलं ऊन. सासऱ्यांना त्याचं काही नाही. तुमची मुलं मात्र थंडीत कोट घालून शाळेत जाऊन आलेली असणार, ती तासाभरात लाल होतील. पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला. जहाज सेंट थॉमस या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरही थांबणार असेल तर सनस्क्रीनची बाटली उलटी करून वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन तिथे २०२० पासून बंद आहे, प्रवाळांना बाधतं म्हणून. झिंक ऑक्साइडचं घ्या, सगळीकडे चालतं.

झाड. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं एक झाड असतं, त्याला लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं लागतात. स्पॅनिशमध्ये त्याला मरणाचं सफरचंद म्हणतात. चीक अंगाला लागला तर बिब्बा उतल्यासारखे फोड येतात, पाऊस आला म्हणून त्याखाली उभं राहिलं तरी येतात. कुठे कुठे खोडाला लाल पट्टा मारलेला असतो, कुठे नसतो. गर्दीच्या ग्रेट बेवर त्याची फारशी धास्ती नको, पण आडबाजूच्या किनाऱ्यावर गेलात तर मुलीला सांगून ठेवा: वाळूत पडलेलं फळ उचलायचं नाही.

पाणी. जीवरक्षक असेलच असं धरू नका. मुलीचं तरंगणारं जॅकेट घरूनच न्या. मुलीकडे बघणारं माणूस एका वेळी एकच असावं आणि त्याला ते माहीत असावं. "मला वाटलं तू बघतेयस" हे वाक्य पाण्याजवळ फार महाग पडतं. पाण्यात नसताना तिला पेलिकन पक्षी दाखवा. खाडीच्या पश्चिमेच्या टोकावर, किल्ल्यापाशी, त्यांची वीण होते. उडता उडता पंख मिटून दगडासारखे पाण्यात कोसळतात, वर येतात आणि मग गळ्याच्या पिशवीतलं पाणी गाळत बसतात. मी एका मुलीला अर्धा तास बादली-फावडं विसरलेली बघितलंय.

घड्याळ. बेटाचं घड्याळ वर्षभर ग्रीनिचच्या चार तास मागे असतं, मायामीचं डिसेंबरात पाच तास मागे. जहाज कुठली वेळ पाळतंय हे आदल्या रात्री विचारा. मोबाइल आपणहून बेटाची वेळ दाखवायला लागतो आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलवर दोन वेळा दिसतात. एका माणसाच्या हातात साधं मनगटी घड्याळ असू द्या, जहाजाच्या वेळेचं. तो मान सासऱ्यांना द्या. अडीच वाजता सगळे ठिय्यावर, साडेतीनला धक्क्याकडे. रोमिंग महाग आहे, फोन लागेलच असं नाही, म्हणून वेळ आणि जागा आधी बोलून ठेवा.

याच चक्रात अडकलेल्या इतर वाचकांसाठी एक-दोन ओळी, कारण बंदर बदललं की हिशेब बदलतो. ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींतून उतरवतात. जिना हलता असतो, लाट असेल तर उडी घ्यावी लागते. तिथे दुखऱ्या गुडघ्यांनी जहाजावरच थांबणं हेच शहाणपण. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर उतरून चिचेन इत्साचे प्राचीन माया अवशेष बघून येऊ म्हणणाऱ्यांनी नकाशा बघावा: ते अवशेष बेटावर नाहीत, मुख्य भूमीवर आहेत, आधी फेरीबोट आणि मग दोन तासांहून जास्त बस, तेवढंच परत. आणि बार्बाडोस, जमैकासारख्या देशांत लष्करी छाप्याचे कपडे घालायला बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. पोराची ती आवडती हाफपँट घरीच ठेवा.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात पाच जणांना काय हवंय ते लिहिलंय. मुलगी, मुलगा, नवरा, सासरे, सासूबाई. सहावं माणूस त्यात कुठे आहे? मी पत्र दोनदा वाचलं, सापडलं नाही. पोहायचंय का तुम्हाला? दुकानं बघायचीत? की नुसतं पडून राहायचंय?

वरचा बेत तुम्ही पाळलात तर साडेअकरा-बाराच्या सुमारास झिपलाइनवाले परत आलेले असतील, सासरे तळ्यावरून आलेले असतील. त्या वेळी मुलीचं जॅकेट आणि "आता तुझी पाळी" हे तीन शब्द नवऱ्याच्या हाती द्या आणि एक तास तिथून उठून जा. कुठे, ते कुणाला सांगू नका. वॉटर टॅक्सीचा पट्टा मनगटावर आहेच, खाडीतून एक खेप नुसतीच मारून आलात तरी चालेल.